आमची वाटचाल : डझनाला ६ पौंड

आजोबांचा हातमाग, वडिलांचे यंत्रमाग, मग सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतली आमची शेड. मधली वर्षं सूत महागलं, सूत उतरलं, यातच गेली.

पण २२ बाय ४४ इंची पांढरा टेरी टॉवेल, डझनाला वजन ६ पौंड, या मालात आमचा हात कुणी धरणार नाही, हे लेखी देतो. टॉवेलवरच्या फासांचं सूत ज्या रुळावर असतं त्या पाइल बीमचा ताण जरा सुटला की डझनाचं वजन बिघडतं. आमचा जुना जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, बीमवर बोट दाबून वजन सांगायचा, काटा नंतर बघायचा. तो काटा अजून माझ्या टेबलाशेजारी आहे. चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे जीएसएम, काढायचा कटर आला, तरी प्रत्येक लॉटचं एक डझन पॅकिंगआधी त्या काट्यावर चढतंच.

माल जातो अमेरिकेत, जॉर्जियाला. ग्राहक गुजराती शेठ, तिकडच्या मोटेलांना टॉवेल पुरवणारा. पहिली ऑर्डर देण्याआधी त्याने आमचे नमुने धुलाईत इतके फिरवले, की आम्ही आशा सोडली होती. तेव्हापासून त्याने दुसरं दार ठोठावलं नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ७ तारखेला भारतीय मालावर अमेरिकेचं २५ टक्के जादा आयात शुल्क लागलं, २७ तारखेला आणखी २५. टेरीवर मूळचे ९.१ होतेच. कराचीच्या मालावर तेव्हा जादा फक्त १९. २७ च्या आधी जहाजावर चढलेल्या मालाला दुसरे २५ माफ होते, पण तो १७ सप्टेंबरच्या आत तिकडच्या कस्टममध्ये दाखल व्हायला हवा होता. मुंबईजवळच्या न्हावा शेवाहून जॉर्जियाचं सवाना बंदर, तेही आफ्रिकेला वळसा घालून! नियम लिहिणाऱ्याने नकाशा उघडला नसावा. आमचा कंटेनर पाण्यावरच अडकला.

त्याच आठवड्यात आमच्याच रस्त्यावरच्या एका कारखानदाराने शेठला सुताच्या भावाखाली कोटेशन पाठवलं. शेठने ते मलाच पुढे धाडलं, खाली एक ओळ : ‘भाई, आ सस्तुं छे, पण वजन?’ त्या कंटेनरचा वाढीव भार आम्ही दोघांनी निम्मा निम्मा उचलला. कारखानदार गप्प बसला नाही. आम्ही बंद पडतोय, असं त्याने डाईंगवाल्यांच्या कानावर घातलं. वर्षानुवर्षं उधारीवर ब्लीच-रंगकाम करून देणारा माणूस आगाऊ पैसे मागू लागला. दिवाळीच्या तोंडावर निम्मे माग बंद होते. तो इसम आजही लग्नात भेटला की हसून नमस्कार करतो.

सरकारने काय केलं? कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केलं. छान. पण आम्ही कापूस नाही, सूत घेतो, तेही जाडं, १० आणि १६ नंबरचं एकपदरी. व्यापाऱ्याने त्यातलं आमच्यापर्यंत फारसं झिरपू दिलं नाही. खरा आधार १४ नोव्हेंबरला मिळाला. रिझर्व्ह बँकेने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरच्या हप्त्यांना सवलत देण्याची मुभा बँकांना दिली आणि निर्यात कर्जाची मुदत २७० वरून ४५० दिवस केली. अट अशी, की ३१ ऑगस्टला खातं स्वच्छ हवं. आमचं होतं. दोन दिवस आधी मंत्रिमंडळाने २०,००० कोटींची कर्जहमी मंजूर केली होती. हमी १०० टक्के, तारण नको. आमच्या बँकेच्या शाखेत मात्र साहेब म्हणाले, ‘ते ठीक आहे, पण घराचे कागद घेऊन या.’ टेक्सप्रोसिल या सुती माल निर्यातदारांच्या परिषदेचं परिपत्रक छापून त्यांच्यासमोर ठेवलं, तेव्हा वरच्या कार्यालयात फोन गेला.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. परिपत्रक वाचून विसरू नका, फाइल करा, काउंटरवर तेच चालतं. ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचा हप्ता चुकवू नका. पण ती पॉलिसी खरेदीदार बुडाला किंवा पैसे थकले तर कामाची, टॅरिफने मार्जिन खाल्लं तर नाही. निर्यातीवरचे राज्य-केंद्राचे कर परत देणाऱ्या आरओएससीटीएल योजनेची स्क्रिप, म्हणजे त्या रकमेचं प्रमाणपत्र, पडून राहू देऊ नका. आणि सुताच्या भावाखाली कोटेशन देऊ नका, शेजाऱ्याचं ऐकून तर मुळीच नाही.

शेठची ऑर्डर आता अर्ध्यावर आहे. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला व्यापार करार झालाय. त्यात तिकडे टॉवेलवरचं शुल्क शून्य ठरलंय. तिथल्या एकाला ५०० जीएसएम हवाय, रंगीत. त्यासाठी मागाची फणी बदलावी लागेल, पाइलची, म्हणजे फासांची, उंचीही. नमुना मागावर चढवलाय. रंगवायला कुठे द्यायचा, ते अजून ठरत नाही.