नाक, सेल्फी आणि दीड मीटर

प्लास्टिक सर्जरी विभागात शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे फोटो काढायचं काम मी करते. चेहऱ्यासाठी माझ्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १०० मिमीची मॅक्रो, म्हणजे जवळून बारकावे टिपणारी लेन्सच असते. लग्नाच्या फोटोंत ८५ मिमी एफ/१.४ फार देखणी दिसते, पण तिचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, पूर्ण उघडलं की डोळे स्पष्ट येतात आणि कान धूसर होतात. मला नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सगळं स्पष्ट हवं असतं, म्हणून छिद्र लहान करून एफ/११ आणि प्रकाश पुरावा म्हणून दोन फ्लॅश.

एकदा कॉलेजात शिकणारी एक मुलगी आईबरोबर आली. नाकाची शस्त्रक्रिया करून घ्यायची होती. खुर्चीत बसायच्या आधीच तिनं मोबाइल पुढे केला. "मॅडम, बघा ना, केवढं पसरट दिसतंय!"

आई म्हणाली, "आम्हाला कुणालाच तसं दिसत नाही हो. पण ही ऐकेल तर ना."

मुलगी खोटं बोलत नव्हती. सेल्फीत नाक पसरटच होतं. तेव्हा नेहमीचे फोटो काढण्याआधी मी तिला म्हटलं, "जरा बस, तुला एक गंमत दाखवते."

आधी २४ मिमीची लेन्स लावली. मिमीचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सला जास्त रुंद दिसतं, म्हणून जवळ जावं लागतं. डोकं आणि खांदे फ्रेममध्ये नीट बसेपर्यंत पुढे गेले, तर मी तिच्या नाकापासून जेमतेम ३६ सेंटिमीटरवर! मग ५० मिमी लावून पाऊण मीटरवरून आणि शेवटी १०० मिमी लावून दीड मीटरवरून फोटो घेतला. तिन्हींत चेहरा साधारण तेवढाच मोठा, प्रकाशही तोच. स्क्रीनवर तिन्ही शेजारी लावले. पहिल्यात नाक पुढे आलेलं आणि कान जवळजवळ गायब. तिसऱ्यात चेहरा आईला रोज दिसतो तसा.

मुलगी किती तरी वेळ एकातून दुसऱ्यात बघत राहिली. "लेन्समुळे एवढा फरक?"

खरं तर फरक अंतराचा. लेन्स फक्त मी कुठे उभी राहायचं ते ठरवते. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटिमीटर मागे असतो. ३६ सेंटिमीटरवरून बघितलं तर तो नाकाच्या मानाने पाव हिश्शाने लहान दिसतो. दीड मीटरवरून जेमतेम सात टक्क्यांनी. सेल्फी हातभर अंतरावरूनच निघते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हेच गणित मांडलं होतं: १२ इंचांवरून नाक पाच फुटांवरच्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. हे सगळं मी तिला कागदावर रेघा मारून समजावलं. आईसुद्धा पुढे झुकून बघत होती.

मग नेहमीचे कोन घेतले. बाजूच्या फोटोत नाकाच्या दांड्यावर छोटासा उंचवटा दिसला. समोरून काढलेल्या सेल्फीत तो कधी आलाच नव्हता. "हे होय? हे तर आजीसारखं आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिन्ही फोटो समोर ठेवून तिच्याशी बराच वेळ बोलणं केलं आणि घाई न करता विचार करून यायला सांगितलं. पुढे काय करायचं ते तिनं ठरवायचं. पण ठरवताना समोर दीड मीटरवरचा चेहरा असावा, याबद्दल मी हट्टी आहे. संपूर्ण शरीराच्या फोटोला मात्र १०० मिमी जमत नाही. त्यासाठी पाच मीटर मागे जावं लागतं आणि आमची खोली तेवढी लांब नाही. तिथे ५० मिमीच लागते.