चोंगमिंगची मेट्रो आणि बसमधल्या आजी

काल रविवार म्हणून शांघायहून चोंगमिंग बेटावर गेलो होतो, यांगत्से नदीच्या मुखाशी आहे, अख्खं बेट नदीच्या गाळाचं. जाताना मस्त गेलो पण येताना बस पुलावर जी अडकली ती अडकलीच, दोन तास! हा पूल आणि पुढचा नदीखालचा जवळपास 9 किलोमीटरचा बोगदा 2009 ला झाला, त्याआधी सगळं बोटीवर, धुकं पडलं की बोट बंद.

शेजारी एक आजी होत्या. मांडीवर पिशवी, त्यात वाफवलेला तांदळाचा केक, इथली खासियत, वर लाल बोरं आणि अक्रोड लावलेले. अजून गरम होता, पिशवीला आतून पाणी सुटलेलं. शांघायच्या पुडोंग भागात नातवाकडे चालल्या होत्या, मलाही एक तुकडा तोडून दिला, इतका चिकट की बोटं चाटावी लागली. माझ्या मोडक्यातोडक्या चायनीजमध्ये विचारलं बेटावर होणाऱ्या मेट्रोचं, तर चेहराच उजळला त्यांचा!

पुडोंगच्या जिन्जी रोडपासून चांगशिंग बेटावरून चोंगमिंगपर्यंत ही लाइन आखली आहे, 8 स्टेशनं, चाळीसेक किलोमीटर, 2021 ला काम सुरू झालं. जिन्जी रोडला 9 नंबरची लाइन मिळते म्हणजे तिथून शहरात कुठेही जा. एवढी खर्चिक लाइन एका बेटासाठी कशाला असं मला आधी वाटायचं, काल ते मनातून पार गेलं. आजी म्हणाल्या लाइन झाली की दर रविवारी जाईन, केक गरम असतानाच पोचेल.

उतरताना पिशवी मी धरली, तळ अजून कोमट लागत होता.