आमची वाटचाल : मशीन विकण्यापासून फटी बुजवण्यापर्यंत

आम्ही तिघांनी सुरुवात केली ती एसी दुरुस्तीपासून. डेटा सेंटरशी संबंध आला तो एका तक्रारीमुळे. खोलीत हुडहुडी भरेल इतका गारवा, तरी रॅकमधले, म्हणजे सर्व्हरच्या उभ्या कपाटातले, वरचे सर्व्हर तापून बंद पडत होते. ग्राहकाला आणखी एक कूलिंग युनिट हवं होतं. ते विकलं असतं तर आमचे पैसेही चांगले झाले असते.

मी टिश्यू पेपरची पट्टी घेऊन रॅकसमोर उभा राहिलो. सर्व्हरपुढे धरली की ती आत ओढली जायची, रिकाम्या खाचेपुढे धरली की माझ्याकडे फडफडायची. मागची गरम हवा तिथून पुढे येत होती आणि वरचे सर्व्हर तीच पुन्हा ओढून घेत होते. फरशीखालची थंड हवा मात्र केबलच्या भोकांतून फुकट जात होती. आम्ही खाचांवर ब्लँकिंग पॅनेल लावली, भोकांना ब्रशच्या पट्ट्या बसवल्या. नवीन युनिट लागलं नाही, आणि आमचा धंदा त्या दिवशी बदलला.

पुढे आईल, म्हणजे रॅकच्या रांगांमधली वाट, बंदिस्त करण्याची कामं येत गेली. गरम-थंड हवा मिसळायची थांबली की कूलिंग युनिटचे पंखे हळू चालवता येतात. वेग 20 टक्क्यांनी उतरवला तर पंख्याची वीज जवळपास निम्मी होते.

एक चूक सांगायलाच हवी. ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची शिफारस आहे की सर्व्हरमध्ये शिरणारी हवा 18 ते 27 अंश सेल्सिअस असावी. एका ठिकाणी आम्ही ती एकदम वरच्या टोकाला नेली. पीयूई (एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज; जितका कमी तितका चांगला) सुधारला, पण वीजबिल वाढलं! हवा गरम मिळताच सर्व्हरचे स्वतःचे पंखे जोरात फिरू लागले होते आणि त्यांची वीज पीयूईच्या हिशेबात कूलिंगकडे नाही, सर्व्हरकडे मोजली जाते. फरकाची रक्कम आम्ही भरून दिली. तेव्हापासून तापमान एकेक अंशानेच चढवतो आणि आधी मुख्य मीटर पाहतो.

आता एआयचे काही रॅक 100 किलोवॉटच्या पुढे गेलेत. 10 अंशांच्या फरकावर एक किलोवॉट उष्णता न्यायला मिनिटाला सुमारे 5,000 लिटर हवा लागते. पाणी दीड लिटर पुरतं. म्हणून आम्ही कोल्ड प्लेटचं, म्हणजे चिपवर बसणाऱ्या आणि आतून पाणी फिरणाऱ्या पट्टीचं, काम शिकलो. पहिल्यांदा पाइप फ्लश करून फिल्टर उघडला तर त्यात वेल्डिंगची खपली आणि टेफ्लॉन टेपचे धागे. कोल्ड प्लेटमधल्या चिरा इतक्या बारीक असतात की एवढ्याने त्या तुंबल्या असत्या. फिल्टर लागोपाठ दोनदा स्वच्छ निघाल्याशिवाय आम्ही रॅक जोडू देत नाही.

तरीही सगळी उष्णता पाण्यात जात नाही. मेमरी, पॉवर सप्लाय यांची बरीचशी अजून हवेतच उतरते. त्यामुळे पाइप टाकायच्या आधी रिकाम्या खाचा बंद करून घेतो.