अकराच्या पुढे जाईना

सर्व्हरवर फोटो चढवताना पडद्यावर सेकंदाला ११ एमबी (मेगाबाइट) दिसायचं. सकाळी ११, रात्री ११, घरात बाकी कुणी नेटला हात लावत नसलं तरी ११. नऊ दिवस मी तो आकडा बघत होते. दुखणं काय आहे ते आकडाच सांगत होता आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडत नव्हता, याचा राग अजून गेलेला नाही. त्यातला अर्धा माझ्यावर, अर्धा हेल्पलाइनवर.

घरात चार कॉम्प्युटर आहेत. पाचवा, जुना डेस्कटॉप, दोन मोठ्या हार्ड डिस्क घालून सर्व्हर केला. सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं, बॅकअप त्याच्यावर. इंटरनेट कंपनीच्या डब्याला, म्हणजे राउटरला, मागे चारच पोर्ट (वायर खोचायच्या जागा), त्यातला एक गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटचा, आणि उरलेले तीन १०० मेगाबिटचे. डब्यावर हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, मॉडेल नंबरवरून शोधावं लागलं. तेव्हा वेगळा स्विच, म्हणजे घरातली यंत्रं वायरीनं एकमेकांना जोडणारी पेटी, घ्यायचं ठरलं.

खरेदीत काही नाट्य नाही. पाच पोर्टचा स्विच पुरणार नाही एवढं मात्र मोजून बघा: पाच यंत्रं आणि डब्याकडे जाणारी एक वायर, म्हणजे सहा. मी आठ पोर्टचा, पत्र्याच्या बॉडीचा, बिनपंख्याचा गिगाबिट स्विच घेतला. भाचा म्हणाला, "मावशी, मॅनेज्डच घे, व्हीलॅन करता येतील." कशासाठी, असं विचारलं तर म्हणाला, "पुढे लागेल." मॅनेज्ड म्हणजे सेटिंग बदलता येणारा स्विच, व्हीलॅन म्हणजे त्यातच पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं. कॅमेरे किंवा पाहुण्यांचे फोन बाकीच्या घरापासून वेगळे ठेवायचे असतील तर खरंच लागतं. मला तसं काही नको होतं, म्हणून साधा घेतला. अडीच गिगाबिटचाही मोह झाला होता. पण माझ्या फिरत्या हार्ड डिस्कच गिगाबिटच्या फार पुढे धावत नाहीत, मग रस्ता रुंद करून उपयोग काय? वायरीतूनच वीज देणारे, पीओई म्हणतात ते पोर्ट कॅमेऱ्यांना लागतात. तेही सोडले.

स्विच लावला, सगळे दिवे लागले, मी कौतुकानं फोटो कॉपी करायला घेतले. ११.

इथे मी पहिली चूक केली. हेल्पलाइनला फोन लावला. खरं तर सर्व्हर आणि कॉम्प्युटर यांच्यातली फाइल आता स्विचमधूनच परस्पर जात होती, कंपनीच्या डब्याला तिचा पत्ताही नव्हता. घरातल्या घरात जाणाऱ्या डेटाचा आणि नेटच्या प्लॅनचा संबंध नसतो. हे मला ठाऊक असायला हवं होतं आणि फोन उचलणाऱ्यालाही. तो म्हणाला, "मॅडम, राउटर बंद करून चालू करा." केला. दुसऱ्या वेळी दुसरा माणूस, पुन्हा पहिल्यापासून कहाणी, पुन्हा बंद करून चालू. तिसऱ्या वेळी सल्ला मिळाला की वरचा प्लॅन घ्या. मी म्हटलं, अहो, फाइल या खोलीतून त्या खोलीत जाते आहे, बाहेर पडतच नाही. तिकडे जरा शांतता, मग, "तरी पण वरचा प्लॅन घेऊन बघा."

चौथ्या फोननंतर माणूस येणार असं ठरलं. सकाळी येणार होता तो दोन दिवसांनी दुपारी आला. स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली, "प्लॅनप्रमाणे पूर्ण येतंय," म्हणाला आणि गेला. तो जिना उतरेपर्यंत तक्रार मिटल्याचा मेसेज आला. सर्व्हरच्या खोलीत त्यानं पाऊलही टाकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी चिडून कागदावर भागाकार केला. नेटवर्कचा वेग बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि आठ बिटचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे १२.५. डेटा छोट्या पाकिटांत भरून जातो, त्या पाकिटांवरच्या पत्त्यांचा वगैरे खर्च वजा केला की राहतात साधारण ११. म्हणजे कुठेतरी १०० मेगाबिटवर गाडं अडकलंय. गिगाबिट धड चालला तर ११० च्या आसपास दिसायला हवं.

सर्व्हरवर लिनक्स आहे, त्यात जोडणीचा वेग दाखवणारी ईथटूल ही आज्ञा चालवली. स्पीड: १००. स्विचवरही सर्व्हरच्या पोर्टचा दिवा नारिंगी होता, बाकीचे हिरवे. नऊ दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता. (दिव्यांचे रंग प्रत्येक स्विचमध्ये वेगळे असतात, माहितीपत्रक बघा. मी ते खोक्यासकट माळ्यावर टाकलं होतं.)

मग सर्व्हर उचलून स्विचशेजारी आणला आणि नव्या छोट्या वायरीनं जोडला. १०००. दोष सर्व्हरचा नाही, स्विचचा नाही, भिंतीतल्या वायरीचा. सॉकेटची पट्टी उघडली. नारिंगी आणि हिरवी जोडी जागच्या जागी, पण निळी आणि तपकिरी जोडी कापून शेजारच्या जुन्या टेलिफोनच्या सॉकेटला नेलेली! वायरीत तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. घराचं वायरिंग करणाऱ्यानं त्याच्या काळी एका वायरीत दोन कामं उरकली होती. आणि लबाडी अशी की दोनच जोड्या मिळाल्या तर पुष्कळ नेटवर्क कार्डं (कॉम्प्युटरमधला वायर जोडायचा भाग) तक्रार न करता मुकाट्यानं १०० वर उतरतात. काही जोडणीच सोडतात. माझं कार्ड सोडणाऱ्यांतलं असतं तर मला पहिल्या तासात कळलं असतं.

टेलिफोन कधीच बंद झालेला. त्या दोन्ही जोड्या सोडवल्या आणि नवा जॅक लावला. तारांच्या रंगांचे ए आणि बी असे दोन ठरलेले क्रम आहेत, कुठलाही चालतो, दोन्ही टोकांना एकच हवा. दुसऱ्या टोकालाही तोच उद्योग. वायर जुनी पण कॅट ५ई या प्रतीची होती, गिगाबिटला ती १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे भिंत फोडावी लागली नाही. एकूण पाऊण तास. मग कॉपी लावली: १०८. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

नवी वायर घेणार असाल तर तार ब्लेडनं खरवडून बघा. आत पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, परत करा. आणि सर्व्हरला राउटरमध्ये नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) कायमचा राखून द्या, नाहीतर एखाद्या दिवशी पत्ता बदलतो आणि घरभर "सर्व्हर दिसत नाही" सुरू होतं.

आता सर्व्हर बाहेरूनही उघडायचा आहे. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघितला तर १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला निघाला, म्हणजे कंपनीनं एकाच खऱ्या पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवलेत आणि नेहमीचं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी राउटरनं सर्व्हरकडे पाठवणं, माझ्याकडून कितीही केलं तरी चालणार नाही. स्वतंत्र पत्ता मागायला त्याच हेल्पलाइनला फोन करायचा आहे. अजून केलेला नाही.