चार चौकटी

सोमवार, पहाटे साडेतीन

डावा गुडघा. कूस वळले आणि कळ थेट पोटरीपर्यंत गेली. ह्यांची झोपमोड नको म्हणून दिवा न लावता मोबाईलच्या उजेडात वही काढली.

वहीच्या प्रत्येक पानावर वर तारीख आणि खाली चार चौकटी. एक चौकट म्हणजे ५०० मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल. चार म्हणजे दोन ग्रॅम, माझ्या लिव्हरला तेवढीच मुभा. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅमपर्यंत चालतं, मला सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालंय, म्हणून निम्मं. दोन गोळ्यांत सहा तास हवेत, असं डॉक्टरांनी बजावलंय. मागची गोळी रात्री साडेनऊची, म्हणजे सहा तास आत्ताच भरले. गोळी घेतली आणि सोमवारच्या पानावर पहिली चौकट भरली. पण हिशेब मागच्या चोवीस तासांचाच धरते. रात्री बाराला तारीख बदलते ती कॅलेंडरवर, लिव्हरला त्याचं काही नसतं.

गोळी लागू पडेपर्यंत अर्धा तास तरी जाईल. तोवर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी ही वही नव्हती. सिरॉसिसचं निदान झालेलं होतं, पण मला काहीच होत नव्हतं. रिपोर्ट फाईलमध्ये आणि मी कामात. भावाकडे गेले होते, जिने चढून गुडघा धरला. वहिनी म्हणाली, "वन्सं, माझी गोळी घेऊन बघा, अर्ध्या तासात मोकळं वाटेल." आणि खरंच वाटलं! पाच दिवस सकाळ-संध्याकाळ घेतली. सहाव्या दिवशी चपलेचे पट्टे पावलात रुतले. बोटानं नडगी दाबली तर खळगा पडला आणि तसाच राहिला. लघवी कमी, पोट तट्ट. भरती व्हावं लागलं. किडनी किती काम करते ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन ०.९ वरून १.८ वर गेलं होतं. गोळीत डायक्लोफेनॅक होतं.

मला वाटलं, लिव्हर बिघडलं. दणका बसला होता किडनीला. सिरॉसिसमध्ये किडनीकडे जाणारं रक्त आधीच बेताचं असतं. ते वाहतं ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं वापरतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन ही मंडळी दुखणं थांबवतात ती याच द्रव्यांची निर्मिती अडवून. गुडघा शांत होतो आणि तिकडे किडनीचा नळ बंद. मग मीठ-पाणी अंगात साठतं, लघवी होण्याच्या गोळ्याही नीट काम करत नाहीत. शिवाय या गोळ्या जठराला जखमा करतात. रक्त गोठवायला लागणाऱ्या प्लेटलेट माझ्या कमी, अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या. तिथून रक्त सुटलं असतं तर ही वही सुरूच झाली नसती.

त्यानंतर मी दुसरं टोक गाठलं. गोळी म्हटलं की नकार. सात महिने एकही पेनकिलर नाही. आणि पॅरासिटॅमॉलला तर सगळ्यात जास्त घाबरायचे, कारण 'त्यानं लिव्हर जातं' हे जो तो सांगतो. दुखतं म्हणून चालणं बंद, चालणं बंद म्हणून मांड्या उतरल्या, मांड्या उतरल्या म्हणून गुडघ्यावर आणखी भार. सलवार ढगळ झाली तेव्हा वजन उतरलं म्हणून मी खूश होते. उतरला होता तो स्नायू. सिरॉसिसमध्ये तो तसाही झिजतो, मी त्याला हातभार लावत होते.

लिव्हरच्या डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ज्या गोळीला तुम्ही भ्यायला हवं होतं ती तुम्ही पाच दिवस खाल्लीत, आणि जी चालली असती तिला सात महिने भ्यालात."

मग कागदावर काढून दाखवलं. पॅरासिटॅमॉलचा बराचसा भाग निमूटपणे बाहेर जातो, थोडा भाग लिव्हरमध्ये विषारी रूप घेतो. त्याला निकामी करायला ग्लुटाथायोन नावाचं शरीरातलंच द्रव्य लागतं. त्याचा साठा पुरतो तोवर काही बिघडत नाही. एकदम खूप गोळ्या घेतल्या तर साठा संपतो आणि विष पेशींना भिडतं. उपासमार झालेल्या, फार वाळलेल्या किंवा रोज दारू घेणाऱ्या माणसाचा साठा आधीच तळाला गेलेला असतो. म्हणून दारू बंद, उपाशी राहायचं नाही, आणि मोजायचं. माझ्या वहीत चार चौकटी आहेत. दुसऱ्याच्या वहीत किती असाव्यात ते त्याचा डॉक्टर ठरवणार. एखाद्याला दोनसुद्धा.

ठणका ओसरतोय. झोपते.

बुधवार

सर्दी. नाक बंद, डोकं जड. ह्यांनी सर्दीची गोळी पुढे केली. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायला भिंग लागतं, पण वाचते. तीन घटक, त्यात पॅरासिटॅमॉल ५००. म्हणजे ही गोळी घेतली की चौकट भरायची, 'ही तर सर्दीची' म्हणून सुटका नाही. अंगदुखीच्या, तापाच्या, पाळीच्या कितीतरी गोळ्यांत हेच लपलेलं असतं. आणि ६५०ची गोळी असेल तर दिवसाला चार नव्हे, फक्त तीन. तिथेच १९५० होतात.

ह्यांना वाटतं मी फार चिकित्सा करते. करते.

पाण्यात विरघळणारी फसफसणारी गोळी मात्र नकोच. तिच्यातलं पॅरासिटॅमॉल तेच, पण एका गोळीत साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. पोटात पाणी झाल्यापासून मला दिवसाचं सोडियम दोन ग्रॅमवर ठेवायला सांगितलंय. अशा चार गोळ्यांतच त्यातलं दीड ग्रॅमच्या वर संपतं. आम्ही जेवणात मीठ तोलतो आणि ते पेल्यातून येतं!

शेवटी वाफ घेतली. चौकट वाचली.

शुक्रवार

हाडांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी आधी हात पाहिले. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी दाबलं, दुखतं का विचारलं. म्हणाले, तिथले सांधे दुखत असतील आणि लिव्हरही बिघडलेलं असेल तर अंगात लोह साठतंय का ते बघावं लागतं. लोहाचा साठा सांगणारं माझं फेरिटिन आधीच तपासून झालंय, तसं काही नाही. माझी साधी झीज आहे. पण मला आवडलं. इतकी वर्षं सांध्यांचा डॉक्टर सांध्यांचा आणि लिव्हरचा लिव्हरचा. दोघांची गाठ पडते ती माझ्या पिशवीतल्या फाईलमध्ये.

त्यांनी ट्रामाडॉल ही अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी लिहून दिली, रात्रीपुरती. मी गोळी न घेता लिव्हरच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. नको म्हणाल्या. बद्धकोष्ठ होतं, आतड्यातला अमोनिया रक्तात चढतो, माणूस गुंगीत बरळायला लागतो. मागच्या वर्षी तारीख आठवेना म्हणून मी एकदा रडले होते, तेव्हापासून पोट साफ ठेवणारं लॅक्टुलोजचं पातळ औषध चालू आहे. तो दिवस पुन्हा नको. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं का, ते प्लेटलेट आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, बघून ठरेल.

जेलचं विचारलं. डायक्लोफेनॅकचंच, पण चोळायचं. गोळीच्या मानानं रक्तात जेमतेम सहा टक्के उतरतं. "एकाच गुडघ्याला, थोडे दिवस, आणि पाय सुजले तर लगेच बंद," एवढी परवानगी मिळाली. मुलं आईकडून सिनेमाची परवानगी मिळवतात तसं वाटलं.

जाऊबाईंनी सांध्यांसाठी कसलीशी पूड पाठवलीय, बाटलीवर घटकांचा पत्ता नाही. "झाडपाल्याचं आहे गं, काही होत नाही." हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलनंही लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आहेत, आणि अशा पुडींत चोरून स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय. त्यांना वाईट वाटू नये म्हणून बाटली कपाटात ठेवली. नाही, तिथेही नको. ह्यांनी चुकून घेतली तर. उठून टाकून आले.

रविवार, रात्र

आज खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठले. तीन महिन्यांपूर्वी दोनदा उठले की धाप लागायची. आधी पंधरा मिनिटं गरम पाण्याची पिशवी, कापडात गुंडाळून. मग पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, पाच मोजायचे, सोडायचं. दिसायला काहीच नाही, पण गुडघ्याला आधार देणारा स्नायू तोच. झोपताना थोडं काहीतरी खाते. रात्रभराच्या उपाशीपणात शरीर स्नायूच जाळायला घेतं, सिरॉसिसमध्ये तर फारच लवकर.

टेप लावली. डावी मांडी दीड सेंटीमीटरनं भरलीय. ह्यांना दाखवली, तर म्हणाले, "टेप सैल धरली असशील." पुन्हा मोजली. दीडच.

पानावर आज दोन चौकटी भरल्यात, दोन रिकाम्या. सोमवारची तारीख टाकून ठेवली, पेन वहीत अडकवलं आणि भिंग उशीखाली घेतलं.