खिंडार कुठलं?

‘मॅडम, तुम्ही किल्ला दाखवणं का सोडलंत?’ लग्नात, भाजीबाजारात, बँकेच्या रांगेत, कुणी ना कुणी विचारतंच. मी गुडघ्यांवर ढकलते. गुडघे दुखतात हे खरं, पण सपाटीवरचा भुईकोट बघायला गुडघे लागतात कितीसे? तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते, पुन्हा विचारू नका.

शाळेत इतिहास शिकवत होते तेव्हापासून मी नगरचा किल्ला दाखवायचे. 15 ऑगस्टला मुलांना, एरवी कुणाकुणाच्या पाहुण्यांना. एक पैसा कधी घेतला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण त्यावरूनही कुजबुज झाली होती.

पुण्याकडचे पाहुणे खंदकाशी उभे राहून ‘एवढाच?’ म्हणायचे. त्यांच्या लेखी किल्ला म्हणजे चढण, दम आणि वर पिठलं-भाकरी. मला राग यायचा. अहो, डोंगर नाही म्हणून तर खंदक! हुसेन निजामशहानं 1559 ते 1562 च्या दरम्यान आधीचा मातीचा कोट दगडात बांधून काढला. पावणेदोन किलोमीटरच्या आसपास घेर. राजगडावर जे काम कडा करतो, ते इथे पाण्यानं करायचं.

मग सगळ्यांना घाई असायची नेहरूंच्या खोलीची. 1942 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे बारा पुढारी इथे आणून डांबले, नेहरूंनी 1944 मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं. फोटो काढला की झालं. मी त्यांना थांबवून सांगायचे की मौलाना आझादांची पत्नी कलकत्त्यात आजारी होती, त्यांनी सरकारपुढे भेटीसाठी हात पसरला नाही, आणि एप्रिल 1943 मध्ये ती गेली तेव्हा ते याच भिंतींच्या आत होते. लोक ‘अरेरे’ म्हणून घड्याळ बघायचे. दौलतराव शिंद्यांनी नाना फडणविसांना याच किल्ल्यात कोंडलं होतं, हे सांगितलं की ‘हो का?’ म्हणायचे आणि पाण्याची बाटली उघडायचे. 1596 सालच्या मोगली वेढ्यातून तगलेला किल्ला पुढे माणसं आत ठेवायलाच जास्त वापरला गेला, यात सांगण्यासारखं पुष्कळ आहे असं मला वाटतं. ऐकणाऱ्यांना वाटायचं नाही.

म्हणून मोगलांशी हा किल्ला लढवणारी निजामशाही घराण्यातली चांदबिबी मी शेवटाला ठेवायचे. तिच्यापुढे घड्याळ कुणी बघत नसे.

त्या दिवशी शेवगावकडची एक आजी होती, बरोबर सातवी-आठवीतला नातू. माझं सांगणं रंगात आलेलं. फेब्रुवारी 1596, बाहेर अकबराच्या मुलाची, शहजादा मुरादची फौज. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणलेत. आतल्यांना पत्ता लागतो, एकेक सुरुंग शोधून निकामी करणं चाललंय, तेवढ्यात एक उडतो आणि तट कोसळतो. बुरखा घेतलेली, हातात नंगी तलवार धरलेली चांदबिबी स्वतः खिंडारात येऊन उभी राहते. दिवसभर लढाई, आणि रात्रीत तट पुन्हा उभा. पुढे वऱ्हाड देऊन तह करावा लागला, हेही मी सांगायचे, पण जरा हळू आवाजात.

नातवानं विचारलं, ‘मॅडम, खिंडार कुठलंय?’

मला माहीत नव्हतं. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द मी वर्गात कित्येकदा उच्चारलेत, लाजले नाही कधी. त्या दिवशी तीसेक माणसं तोंडाकडे बघत होती. समोर तटाचा एक पट्टा होता, दगड जरा लहान, चुना जरा पांढरा. मी बोट केलं. ‘ते बघ.’

आजी पुढे गेली. चपला काढल्या. दोन्ही हात त्या दगडांवर ठेवले, डोकं टेकवलं, आणि खालची चिमूटभर माती नातवाच्या कपाळाला लावली.

खरं सांगू? मला लाज वाटली नाही. छाती भरून आली. लाज घरी आल्यावर, कुकर लावताना वाटली. तो पट्टा कुणाचाही असेल. 1803 च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीनं याच किल्ल्यावर तोफा डागल्या, चार दिवसांत पेठ आणि किल्ला दोन्ही घेतले. त्यानंतरची इंग्रजांची डागडुजी असेल. नाहीतर अगदी अलीकडची.

तेव्हाची मी म्हणायची, त्यात काय बिघडलं? शहाडोंगरावर सलाबतखानाची कबर आहे आणि अख्खं नगर तिला चांदबिबीचा महाल म्हणतं. कुणाचं काय अडलं? आजीनं चांदबिबीला नमस्कार केला, चुन्याला नाही. हा युक्तिवाद मला आजही पूर्ण खोडता येत नाही. पण आजीला कुणी काही सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं. आणि चांदबिबीला 1600 साली तिच्याच माणसांनी अफवेवर विश्वास ठेवून मारलं. तिच्या नावानं थाप मारायला मी दुसरी जागा शोधायला हवी होती.

तरीही मी दोन वर्षं दाखवत राहिले, फक्त त्या पट्ट्याच्या बाजूला जायचे नाही. मग एका 15 ऑगस्टला माझाच एक जुना विद्यार्थी, आता स्वतः मास्तर, पोरांची रांग घेऊन तिथे उभा दिसला. ‘हेच ते खिंडार,’ तो सांगत होता. मला बघून केवढा खुलला. ‘मुलांनो, मला हे ज्यांनी दाखवलं त्या बाई या!’ पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी हसले. नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून गुडघे दुखायला लागले.

तोच परवा घरी येऊन गेला. शाळा किल्ल्यावर छोटी पुस्तिका काढतेय, मजकूर तपासून द्या म्हणाला. पान तीनवर खिंडाराचा फोटो आहे, खाली माझे आभार. मी हुसेनचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला, एक सनावळी सुधारली. पान तीनवर पेन्सिलीनं एक रेघ ओढली, मग ती खोडली. तो रविवारी कागद न्यायला येणार आहे.