१२ कार्लिनीचा टंच अखेर जुळला

परवा रात्री पावणेबाराला काटा एकदाचा स्थिर झाला. भागाकार केला, विशिष्ट गुरुत्व (म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड) आलं १०.१७. महिनाभर टेबलावर संशयित म्हणून पडलेलं नेपल्सच्या १७९९ च्या प्रजासत्ताकाचं १२ कार्लिनीचं चांदीचं नाणं मी पहिल्यांदाच आनंदानं हातात घेतलं, कारण त्याचा टंच, म्हणजे चांदीचं प्रमाण, अखेर जुळला.

मागच्या नोंदीत अडलो होतो ते इथे: वजन २७.३६ ग्रॅम, म्हणजे झीज धरून ठीक. पण सराफाकडच्या एक्सआरएफ मशीननं (क्ष-किरण टाकून धातू ओळखणाऱ्या) चांदी ८८ टक्के दाखवली. अपेक्षा ८३.३ ची, कारण १२ कार्लिनी म्हणजे १२० ग्रानाच (ग्राना हे तिथलं छोटं चलन), नेपल्सच्या राजाच्या पियास्त्रा या चांदीच्या नाण्याचीच बरोबरी. आणि घरी पाण्यात तोलून विशिष्ट गुरुत्व आलं ९.८८, म्हणजे चांदी जेमतेम ६४ टक्के. एक चाचणी म्हणते चांदी जास्त, दुसरी म्हणते फारच कमी. परत पाठवण्यासाठी पाकीटसुद्धा तयार केलं होतं.

मशीनचं कोडं आधी सुटलं. टांकसाळीत चकत्या तापवून आम्लात धुवायचे. त्यात वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि चांदीची दाट साय उरते. एक्सआरएफ फक्त तेवढीच साय बघतं. म्हणजे ८८ हा आकडा पृष्ठभागाचा, पोटातला नव्हे.

पाण्याचं कोडं मात्र चिवट निघालं. ९.८८ आणि १०.१७ मधला फरक पाण्यातल्या वजनात फक्त ८ सेंटिग्रॅमचा आहे! माझ्या काट्याचा एक पॉइंट (०.०१ ग्रॅम) हलला की उत्तर ०.०४ नं सरकतं. दोषी दोन होते. नाणं टांगायचा शिवणाचा दोरा, जो पाणी पितो आणि बुडबुडे धरतो. आणि मागच्या बाजूचं पानांचं चक्र, ज्याच्या प्रत्येक खाचेत हवा अडकत होती. आता बारीक नायलॉनचा धागा, उकळून गार केलेलं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब आणि पाण्याखालीच मऊ ब्रशचा हलका हात. सहा वेळा तोललं. सगळी उत्तरं १०.१३ ते १०.२१ मध्ये. ८३३ टंचाला (हजारात ८३३ भाग चांदी) १०.२० यायला हवं, म्हणजे बसलं.

शिसं-कथलाच्या मिश्रणानंही १०.२ आणता येतं, हे मला ठाऊक आहे. पण मग मशीननं ८८ टक्के चांदी दाखवलीच नसती. ज्या दोन चाचण्या एकमेकींना खोटं पाडत होत्या, त्याच आता एकमेकींच्या साक्षीदार झाल्या. हे मला फार आवडलं.

भिंगाखाली पुन्हा बघताना वेळ कसा गेला कळलं नाही. भाल्यावर टोपी धरलेली स्वातंत्र्यदेवी, भोवती ‘रेपुब्लिका नापोलिताना’. मागे ‘आन्नो सेत्तिमो’, स्वातंत्र्याचं सातवं वर्ष. डिसेंबर १७९८ मध्ये नेपल्सचा राजा चौथा फर्डिनांड ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या जहाजातून पालेर्मोला पळाला, जानेवारीत प्रजासत्ताक जाहीर झालं, जूनमध्ये राजाच्या बाजूच्या कार्डिनल रुफ्फोच्या फौजेनं शहर घेतलं. पाच महिन्यांचं राज्य, आणि नाण्यावर वर्ष सातवं, कारण मोजणी फ्रान्सच्या प्रजासत्ताकाच्या १७९२ पासूनची! ऑगस्टमध्ये एलेओनोरा पिमेन्तेलला फाशी दिली. प्रजासत्ताकाचं ‘मोनितोरे नापोलेतानो’ हे वृत्तपत्र चालवणारी ती संपादक. हे नाणं त्या महिन्यांत कुणाच्या खिशात होतं, हा विचार मनातून जात नाही.

खिशातले स्वस्त काटे वजनाला चालतात, विशिष्ट गुरुत्वाला नाहीत. मिलिग्रॅमचा काटा घेणारच. पुढचा बेत ६ कार्लिनी शोधण्याचा होता, पण हे लिहिता लिहिता बदलला. आधी फर्डिनांडचा १७९० च्या दशकातला झिजलेला, स्वस्तातला पियास्त्रा घेतो. दोन्ही एकाच धाग्यावर, त्याच पाण्यात, त्याच रात्री तोलायचे. राजाच्या आणि प्रजासत्ताकाच्या टंचात फरक पडला का, हे मला माझ्या हातानं बघायचंय. कुणाकडे असा पियास्त्रा असेल आणि तुम्ही तोललेला असेल, तर पाण्यातलं वजन कळवा, पण धागा कोणता वापरला तेही लिहा.